दलालाविना घरविक्री : कोथरूडमधील एका सदनिकेचे प्रकरण

पुण्यात कोथरूड परिसरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत दुसऱ्या मजल्यावर असलेली दोन शयनगृहांची सदनिका 2024 साली मालकिणीने कोणत्याही दलालाच्या मदतीविना विकली. इमारत 1994 ची आहे. मालकीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका असून त्यांचे पती 2018 मध्ये निवर्तले. मुलगी नाशिकला व मुलगा जर्मनीत म्युनिकजवळ स्थायिक आहे. मुलीच्या शेजारी लहान घर घेऊन राहावे, या विचाराने त्यांनी पुण्यातील घर विकायचे ठरवले. कागदपत्रे आणि कर या दोन बाबींत त्यांनी माझा सल्ला घेतला असल्यामुळे व्यवहाराचा प्रत्येक टप्पा मला जवळून पाहता आला. त्यांच्या संमतीनेच हे प्रकरण मांडत असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पुढे त्यांचा उल्लेख, सगळे त्यांना म्हणतात तसा, काकू असाच केला आहे.

सुरुवातीला काकूंनी परिसरातील एका एजंटाकडे चौकशी केली होती. त्याने विक्रेत्याकडून 2 टक्के दलाली सांगितली आणि खरेदीदाराकडूनही तेवढीच घेतली जाईल, असेही स्पष्ट केले. ज्या किमतीला घर पुढे विकले गेले त्या 86,50,000 रुपयांवर ही रक्कम 1,73,000 रुपये होते. एवढी रक्कम वाचवणे हे एक कारण होतेच. परंतु काकूंना त्याहून महत्त्वाचे हे वाटत होते की, आपले घर कोणाला, कोणत्या अटींवर आणि कोणत्या क्रमाने द्यायचे, हे आपल्याला स्वतःला समजले पाहिजे. या भूमिकेमुळेच व्यवहार नीट पार पडला, असे माझे मत आहे. दलाल दोन कामे करतो : गिऱ्हाईक आणतो, आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन पक्षांमध्ये उभा राहून पैसे व कागद यांची देवाणघेवाण घडवतो. पहिले काम आज मालकाला फारसे अवघड राहिलेले नाही. दुसऱ्या कामाची जागा मात्र चोख कागदपत्रे आणि आधी लिहून ठरवलेला क्रम यांनीच भरून निघते, आणि ती तयारी जाहिरात देण्यापूर्वीच व्हावी लागते.

कपाटातील फाइल

पहिल्या भेटीत काकूंनी समोर ठेवलेल्या फाइलमध्ये बांधकाम व्यावसायिकाशी 1994 साली झालेला नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), ताबा पावती, महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला, मिळकतकराच्या पावत्या आणि सोसायटीचा भाग दाखला, म्हणजे सर्वजण ज्याला शेअर सर्टिफिकेट म्हणतात तो कागद, एवढे सगळे होते. एका सामान्य घरात इतके कागद एकत्र आणि सुस्थितीत मिळणे ही मोठीच जमेची बाजू होती. तरीही भाग दाखला उलटा करून पाहिल्यावर दोन गोष्टी नजरेस आल्या.

दाखल्याच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाचे रकाने असतात : तारीख, हस्तांतरण क्रमांक, नव्या सभासदाचे नाव आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. त्यांपैकी पहिल्या रकान्याच्या वर जांभळ्या शाईचा एक पुसट शिक्का होता. घर घेताना काढलेल्या कर्जासाठी बँकेचा बोजा नोंदवल्याचा तो शिक्का होता. कर्ज 2006 सालीच फिटले होते. परंतु बँकेचे कर्जमुक्तीचे पत्र सोसायटीला कधी दिलेच गेले नव्हते, त्यामुळे सोसायटीच्या दप्तरी हा बोजा अठरा वर्षे तसाच राहिला होता. पत्राची घरातील प्रत सापडेना, म्हणून बँकेच्या शाखेत अर्ज करून नव्याने दाखला घ्यावा लागला. मधल्या काळात त्या शाखेचे दुसऱ्या शाखेत विलीनीकरण झालेले असल्यामुळे जुने खाते शोधण्यातच दोन महिने गेले. खरेदीदार समोर थांबलेला असताना हे दोन महिने गेले असते तर व्यवहार बहुधा मोडला असता. (आता कर्ज फेडणाऱ्यांची स्थिती बरी आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 मधील परिपत्रकानुसार, पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँकांवर बंधनकारक आहे आणि बँकेच्या कारणाने विलंब झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते.)

दुसरी बाब अधिक गंभीर होती. सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावे घेतलेली होती. पतींनी सोसायटीकडे पत्नीचे नामनिर्देशन केलेले होते आणि त्यांच्या निधनानंतर सोसायटीने त्या आधारे भाग दाखला काकूंच्या एकटीच्या नावे करून दिला होता. त्यामुळे घर आता आपल्या एकटीचे आहे, असे काकूंना प्रामाणिकपणे वाटत होते. असाच समज असंख्य घरांमध्ये आहे आणि घरविक्रीच्या सर्वाधिक अडचणी त्यातूनच उद्भवतात. नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे भाग हस्तांतरित करणे तेव्हाच्या नियमांप्रमाणे सोसायटीवर बंधनकारक असले तरी तेवढ्याने वारसांचा मालकी हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील इंद्राणी वाही प्रकरणाच्या निकालातून स्पष्ट झालेले आहे. पतींनी मृत्युपत्र केलेले नव्हते आणि त्यांच्या आई आधीच वारल्या होत्या. त्यामुळे हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार पतींचा अर्धा हिस्सा पत्नी, मुलगा व मुलगी यांच्यात सारखा वाटला गेला. याचा अर्थ काकूंचा हिस्सा दोन तृतीयांश आणि दोन्ही मुलांचा प्रत्येकी एक षष्ठांश होता.

मुलांचा आईच्या विक्रीला विरोध मुळीच नव्हता. परंतु विरोध नसणे आणि हक्क सोडल्याचा नोंदणीकृत दस्त असणे या वेगळ्या गोष्टी आहेत आणि खरेदीदाराच्या बँकेचा वकील दुसरीच गोष्ट मागतो. दोन मार्ग उपलब्ध होते. मुलांनी सहविक्रेते म्हणून करारात सह्या करायच्या, किंवा आईच्या लाभात हक्कसोडपत्र नोंदवायचे. पहिल्या मार्गात मुलाचे परदेशी वास्तव्य आड येत होते. अनिवासी व्यक्तीकडून स्थावर मिळकत घेताना खरेदीदाराला तिच्या हिश्श्यावर, निवासी विक्रेत्याला लागू असलेली 1 टक्क्याची करकपात न करता, तेव्हाच्या आयकर कायद्याच्या (1961) कलम 195 प्रमाणे भांडवली नफ्यावरील, म्हणजे मिळकत विकून झालेल्या नफ्यावरील, कराच्या दराने कपात करावी लागे आणि त्यासाठी टॅन हा करकपात करणाऱ्याचा क्रमांकही घ्यावा लागे. एका षष्ठांश हिश्श्यासाठी एवढा खटाटोप पाहून सामान्य नोकरदार खरेदीदार मागे सरला असता. म्हणून हक्कसोडपत्राचा मार्ग निवडला.

मुलाने म्युनिक येथील भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन बहिणीच्या नावे केवळ या एका कामापुरते मर्यादित मुखत्यारपत्र करून पाठवले. परदेशात झालेला दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते, ही मुदत पाळण्यात आली. त्यानंतर मुलीने स्वतःतर्फे व भावातर्फे हवेली तालुक्यातील सह दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवून दिले. हा दस्त जून 2024 मध्ये झाला, तोवर घराची एकही जाहिरात दिलेली नव्हती. काकूंच्या धाकट्या दिरांनी या काळात एकदा विचारले, "वहिनी, अजून बोर्डसुद्धा लावला नाहीत, विकायचे खरेच आहे ना?" बाहेरून पाहणाऱ्याला हा काळ वाया गेल्यासारखा वाटणे स्वाभाविक होते, प्रत्यक्षात विक्रीचे निम्मे काम याच महिन्यांत झाले.

किंमत कशावरून ठरवली

संकेतस्थळांवरील जाहिरातींत दिसतात त्या अपेक्षित किमती. प्रत्यक्ष व्यवहार त्या किमतींना झालेले असतातच असे नाही. प्रत्यक्ष किंमत नोंदणीकृत दस्तात असते आणि ती पाहण्याची सोय महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत सर्वांना मोफत उपलब्ध आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक दिल्यास त्या मिळकतीवरील दस्तांची सूची क्रमांक 2 दिसते. तिच्यात मोबदला, शासकीय बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख एकाच पानावर असते. माझ्या मते मालकाने स्वतः घर विकताना वापरावे असे यापेक्षा चांगले साधन नाही, आणि तरीही ते वापरणारे मालक फार थोडे आहेत.

काकूंच्या मुलीने आपल्या इमारतीचा आणि रस्त्यावरील शेजारच्या काही इमारतींचा क्रमांक टाकून मागील दोन वर्षांतील दस्त काढले. एका दस्तातील किंमत इतरांपेक्षा बरीच कमी दिसत होती. चौकशी केल्यावर तो भावंडांमधील व्यवहार असल्याचे कळले, म्हणून तो बाजूला ठेवला. उरलेल्या दस्तांत क्षेत्रफळाचा घोळ होता. कुठे चटई क्षेत्र (भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र), कुठे बांधीव क्षेत्र (भिंती धरून), तर जुन्या करारांत जिने आणि व्हरांडे धरून सांगितलेले विक्रीयोग्य क्षेत्र लिहिलेले होते. काकूंच्या 1994 च्या करारातही 860 चौरस फूट हा असाच आकडा होता. प्रत्यक्ष मोजणी करून घेतल्यावर चटई क्षेत्र 618 चौरस फूट भरले. जाहिरातीत आणि बोलण्यात सर्वत्र हाच आकडा द्यायचा, असे ठरवले. मोठा आकडा सांगून गिऱ्हाईक बोलावता येते, पण मूल्यांकनासाठी आलेला बँकेचा माणूस फीत लावतोच आणि त्या क्षणी विक्रेत्याच्या इतर सर्व विधानांवरचा विश्वासही उडतो.

या अभ्यासावरून 84 ते 88 लाख रुपये ही वाजवी मर्यादा दिसली आणि मागणी 92 लाखांची ठेवली. इमारत तीस वर्षांची झाल्यामुळे पुनर्विकासाचा प्रश्न प्रत्येक चौकशीत आला. कोथरूडमध्ये त्या काळातल्या अनेक इमारती पुनर्विकासाला गेल्या असल्याने खरेदीदारांच्या मनात वाढीव क्षेत्राचे गणित असणे साहजिकच आहे. सोसायटीने तोवर कोणताही ठराव केलेला नव्हता. काकू प्रत्येकाला तेवढेच सांगत आणि सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत दाखवत. पुढे होणाऱ्या पुनर्विकासाचे लाभ खरेदीदाराचे राहतील, असे कलम करारात घालता येते. पुनर्विकास होईलच असे आश्वासन मात्र विक्रेत्याने तोंडीसुद्धा देऊ नये.

पार्किंगबाबतही अशीच काळजी घेतली. काकूंना सोसायटीने इमारतीखाली एक जागा वापरायला दिली होती, परंतु ती सदनिकेबरोबर विकता येणारी स्वतंत्र मालमत्ता नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सामाईक पार्किंग बांधकाम व्यावसायिकाला विकता येत नसल्याचे सांगितले आणि अशा जागांचे वाटप सोसायटी आपल्या उपविधींनुसार करते. म्हणून जाहिरातीत "पार्किंगसह" हा शब्द टाळून "सोसायटीच्या नियमानुसार पार्किंग" असे लिहिले.

जाहिरात, भेटी आणि नाकारलेला प्रस्ताव

जुलैअखेर दोन संकेतस्थळांवर जाहिरात दिली, एका मराठी दैनिकात रविवारची छोटी जाहिरात दिली आणि आसपासच्या सोसायट्यांच्या सूचना फलकांवर कागद लावला. "एजंटांनी संपर्क साधू नये" असे लिहूनही पहिल्या आठवड्यातील बहुतेक दूरध्वनी एजंटांचेच होते. आपण सैन्यात असल्याचे सांगून, घर न पाहताच क्यूआर कोडद्वारे टोकन पाठवतो असे म्हणणाऱ्याचाही एक फोन आला. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही किंवा पिन टाकावा लागत नाही, हे मुलीने आधीच बजावून ठेवल्यामुळे काकूंनी तो फोन लगेच बंद केला.

घर दाखवण्याची वेळ शनिवार-रविवार सकाळी दहा ते एक एवढीच ठेवली आणि त्या वेळी समोरच्या घरातील कोणी तरी सोबत असेल, अशी व्यवस्था केली. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीने यात अजिबात सवलत देऊ नये. कागदपत्रे समोर बसून पाहायला दिली जात. प्रती मागणाऱ्याला गंभीर बोलणी सुरू झाल्यावरच आणि प्रत्येक पानावर "केवळ पाहणीसाठी" असे लिहून दिल्या जात.

ऑगस्टच्या मध्यात एका व्यापाऱ्याने 88 लाखांचा प्रस्ताव दिला, पण करारात 70 लाख दाखवून उरलेले 18 लाख रोख देण्याच्या अटीवर. प्रस्ताव अंतिम किमतीपेक्षा दीड लाखाने जास्त होता आणि भांडवली नफ्यावरील कर कमी होईल, असेही त्याने समजावले. काकूंनी तो त्याच बैठकीत नाकारला आणि त्यांच्या या निर्णयाबद्दल मला अतिशय आदर वाटतो. त्याच 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 269एसएस नुसार स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही आणि स्वीकारल्यास कलम 271डी खाली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, तोही रक्कम घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला. शिवाय अशी रक्कम बँकेत ठेवता येत नाही आणि तिच्यातून नाशिकचे घर रीतसर घेता येत नाही. कर वाचवण्याचे कायदेशीर मार्ग काकूंना पुरेसे उपलब्ध होते, ते पुढे येईलच.

खरेदीदार शेवटी सूचना फलकावरील कागदामुळे मिळाले. मागच्या गल्लीत भाड्याने राहणारे, मुलगी जवळच्याच शाळेत शिकत असलेले, दोघेही नोकरी करणारे पती-पत्नी. त्यांनी 84 लाखांपासून सुरुवात केली. काकूंनी आपण काढलेले दस्त त्यांच्यासमोर ठेवले आणि प्रत्येकाची किंमत चटई क्षेत्राच्या प्रतिफूट दरात करून दाखवली. "काकू, हे कागद तुम्ही आम्हालाच दाखवताय?" असे खरेदीदार पत्नीने आश्चर्याने विचारले. ते शासनाच्या संकेतस्थळावर कोणीही पाहू शकतो, असे काकूंनी त्यांना सांगितले. बोलणी एका बैठकीत 86,50,000 रुपयांवर आली.

इसार पावती ते खरेदीखत

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात 1 लाख रुपये बँकेमार्फत घेऊन इसार पावती केली. टोकनची साधी पावती पुरेशी नसते, कारण व्यवहार फिसकटल्यास वाद नेमका त्याच रकमेवरून होतो. या पावतीत एकूण किंमत, रकमेचे टप्पे, करार नोंदवण्याची मुदत, बँकेने कर्ज नाकारल्यास किंवा मालकी हक्कात दोष निघाल्यास इसार पूर्ण परत करण्याची अट, आणि खरेदीदाराने सबळ कारणाविना माघार घेतल्यास वजा करायची रक्कम, हे सर्व लिहिले होते. खरेदीदारांच्या वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवल्या आणि तीस वर्षांचा शोध अहवाल तयार केला. हक्कसोडपत्र व कर्जमुक्तीचा दाखला आधीच हाती असल्यामुळे बँकेच्या वकिलाचा अभिप्राय एकही शंका न काढता आला.

रकमेच्या टप्प्यांचा तपशील देणे आवश्यक वाटते, कारण गोंधळ नेहमी इथेच होतो. किंमत 50 लाखांहून अधिक असल्याने खरेदीदाराला कलम 194-आयए प्रमाणे 1 टक्का, म्हणजे 86,500 रुपये, करकपात करून शासनाकडे भरायची होती. 1 लाख इसारानंतर करार नोंदवताना 18 लाख, बँकेचे कर्ज 65 लाख आणि ताब्याच्या वेळी अडीच लाख असे टप्पे होते. करार त्याच महिन्यात नोंदवला गेला. त्या दिवशी इसार धरून 19 लाखांवरील 19,000 रुपये वजा करून 17,81,000 रुपये काकूंना मिळाले. बँक मात्र कर्जाचे 65 लाख पूर्णच देते. त्यामुळे त्यावरील 65,000 आणि शेवटच्या हप्त्यावरील 2,500 रुपये खरेदीदारांनी आपल्या अखेरच्या अडीच लाखांतून कापले आणि काकूंना 1,82,500 रुपये दिले. हे गणित इसार पावतीसोबत आधीच लिहून दिलेले असल्यामुळे शेवटच्या दिवशी "पैसे कमी कसे?" हा प्रश्न आला नाही. खरेदीदार दोन असल्याने त्यांनी 26क्यूबी हा करकपातीचा नमुना आपापल्या हिश्श्यापुरता स्वतंत्र भरला आणि काकूंना कर कापल्याची 16बी प्रमाणपत्रे दिली. त्याआधी काकूंचा पॅन आधारशी जोडलेला असल्याची खात्री करून घेतली होती. पॅन निष्क्रिय असेल तर कपातीचा दर 1 टक्क्याऐवजी 20 टक्के होतो.

मुद्रांक शुल्क खरेदीदारांनी भरले. पुणे महापालिका हद्दीत ते 7 टक्के, म्हणजे 6,05,500 रुपये झाले आणि नोंदणी फी 30,000 रुपये. घर केवळ पत्नीच्या नावे घेतले असते तर महिलांसाठीची 1 टक्का सवलत मिळून 86,500 रुपये वाचले असते. परंतु कर्ज दोघांच्या उत्पन्नावर असल्याने त्यांनी दोघांची नावे ठेवली.

सोसायटीच्या बाजूने एक अडचण आली. उपविधींप्रमाणे काकूंनी 15 दिवस आधी हस्तांतरणाची सूचना आणि खरेदीदारांचे संमतिपत्र दिले होते. त्यावर समितीच्या एका पदाधिकाऱ्याने इमारत निधीसाठी 1 लाख रुपये "देणगी" मागितली. शासनाच्या 9 ऑगस्ट 2001 च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे सदनिका नव्या सभासदाच्या नावे करताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे आणि देणगी किंवा अन्य कोणत्याही नावाने त्याहून अधिक रक्कम घेता येत नाही. काकूंनी वाद न घालता परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी विनंती केली की, मागणी सोसायटीच्या लेटरहेडवर द्यावी. ते पत्र आले नाही. 25,000 रुपयांची पावती मात्र मिळाली.

ताबा आणि पैसा यांपैकी आधी काय द्यायचे, हा दोन्ही बाजूंच्या मनातील खरा प्रश्न होता आणि एजंट असता तर याच क्षणी त्याची गरज भासली असती. बँकेला धनादेश देण्यापूर्वी मूळ कागद हवे होते, काकूंना कागद सोडण्यापूर्वी पैसे हवे होते आणि खरेदीदारांना रिकामे घर पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नव्हता. नोव्हेंबरमध्ये खरेदीखत, म्हणजे मालकी हस्तांतरित करणारा अंतिम दस्त, नोंदवण्याच्या दिवशी हे सर्व एकाच सकाळी, आधी लिहून ठरवलेल्या क्रमाने झाले. खरेदीदारांनी रिकामे घर पाहिले, वीज मीटरचा आकडा दोघांसमक्ष टिपला, मग सर्वजण दुय्यम निबंधक कार्यालयात आले. बँकेच्या प्रतिनिधीने 65 लाखांचा बँकर्स चेक काकूंना दाखवून त्याची छायाप्रत दिली, दस्तावर सह्या व अंगठे झाले, आणि त्यानंतर मूळ कागदांची यादी एकेक खूण करत बँकेकडे सोपवताना त्याच टेबलावर चेक काकूंच्या हाती आला. शेवटचा हप्ता आरटीजीएसने जमा झाल्याचा संदेश आल्यावर ताबा पावतीवर सह्या होऊन किल्ल्या दिल्या.

कर

ही सदनिका 2001 पूर्वीची असल्याने मूळ किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 रोजीचे बाजारमूल्य धरता येते आणि वारशाने किंवा हक्कसोडीने आलेल्या हिश्श्यालाही आधीच्या मालकाचीच किंमत लागू होते. नोंदणीकृत मूल्यांककाने ते मूल्य 7,50,000 रुपये काढले. 23 जुलै 2024 नंतरच्या विक्रीसाठी, त्याआधी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला करमोजणीच्या दोन्ही पद्धतींची, म्हणजे महागाई निर्देशांकाने किंमत वाढवून 20 टक्के आणि न वाढवता साडेबारा टक्के यांची, तुलना करण्याची मुभा आहे. महागाई निर्देशांक 363 धरून किंमत 27,22,500 होते व 59,27,500 रुपयांच्या नफ्यावर 20 टक्क्यांनी 11,85,500 रुपये कर येतो. निर्देशांक न लावता 79 लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी 9,87,500 रुपये येतो. अधिभार व उपकर वेगळे. जुने घर असले की निर्देशांकाची पद्धतच फायद्याची, असा सर्वसाधारण समज आहे. या प्रकरणात तो खरा ठरला नाही, म्हणून प्रत्येकाने दोन्ही आकडे काढून पाहावेत.

प्रत्यक्षात काकूंना यांपैकी काहीच भरावे लागले नाही. नाशिकमधील घर मुद्रांक शुल्कासह 46 लाखांना पडले, त्यावर कलम 54 ची, म्हणजे घराच्या नफ्यातून दुसरे घर घेतल्याबद्दलची, सूट मिळाली. उरलेल्या 33 लाखांच्या नफ्याएवढे कलम 54ईसी खालील करसवलतीचे रोखे त्यांनी घेतले. या रोख्यांना 50 लाखांची मर्यादा आणि हस्तांतरणापासून सहा महिन्यांची मुदत असते. ती मुदत आम्ही सावधगिरी म्हणून खरेदीखताऐवजी सप्टेंबरमधील कराराच्या तारखेपासून मोजली. पैसे पाच वर्षे अडकतात, हा त्यांचा तोटा आहे आणि घरखर्चासाठी निवृत्तिवेतन पुरत असल्यामुळेच तो काकूंना परवडला. कापलेले 86,500 रुपये विवरणपत्रातून परताव्यास पात्र झाले.

कोणाला हे जमणार नाही

काकूंना घाई नव्हती, वारसांमध्ये एकमत होते, मूळ करार हाती होता आणि मुलगी दर पंधरवड्याला येऊन हातभार लावत होती. यांपैकी एखादी गोष्ट नसेल तर निर्णय वेगळा घ्यावा लागेल. स्वतः परदेशात असलेल्या मालकाने केवळ दलाली वाचवण्यासाठी हा मार्ग धरू नये, कारण घर दाखवणे, दस्ताला हजर राहणे आणि अनिवासी विक्रेत्यावरील करकपात कमी करण्यासाठी आयकर विभागाकडून प्रमाणपत्र घेणे ही कामे दुरून रेंगाळतात. म्हाडा किंवा सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील घरांत संबंधित प्राधिकरणाची परवानगी व हस्तांतरण शुल्क हा आणखी एक टप्पा असतो आणि तो इसार घेण्यापूर्वीच समजून घ्यावा लागतो. चालू कर्ज असलेल्या घरात खरेदीदाराची बँक विक्रेत्याच्या बँकेला थेट रक्कम देते. तेथे थकबाकीचे पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी आधी मिळवल्यास दलालाविना विक्री शक्य आहे. वारसांत मतभेद असतील, तर एजंट असो वा नसो, हक्कसोडपत्र किंवा वाटणीपत्र नोंदवून होईपर्यंत घर बाजारात आणूच नये.

दलालीचे 1,73,000 रुपये वाचले तरी काकूंनी वकिलांची फी, मूल्यांककाची फी, मुखत्यारपत्र व हक्कसोडपत्राचा खर्च आणि जाहिराती यांसाठी त्यातला बराच भाग खर्च केला. वकिलांच्या फीवर काटकसर करायची नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवले होते. डिसेंबरच्या सभेत सोसायटीने खरेदीदारांना सभासदत्व दिले आणि त्यानंतर वीजजोडणी व मिळकतकराच्या नोंदीत नाव बदलण्याचे अर्ज काकूंच्या संमतिपत्रांसह दाखल झाले.